जुन्या फियाटमध्ये डायनॅमोऐवजी अल्टरनेटर कसा बसवायचा? चार्जिंग आणि मीटरची सोपी माहिती

फोन चार्जिंगला लावलाय, तरी गेम खेळताना बॅटरी उतरतच जातेय, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. चार्जर देतो त्यापेक्षा फोन जास्त खातो, म्हणून असं होतं. आमच्या आजोबांच्या १९६८ च्या फियाट ११०० डिलाइटचं हेच दुखणं होतं.

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याकडे जाताना रात्री खंबाटकी घाटात हेडलाइट, वायपर आणि माझा मोबाइल चार्जर एकदमच चालू होते. ट्रकच्या मागे रखडत चढताना लाइट पिवळे पडत गेले, वायपर रेंगाळले आणि शेवटी गाडी बंद पडली. मागून गाड्या येत होत्या आणि आमचे टेललाइट दिसत नव्हते. घरी आल्यावर चार्जिंग सिस्टिम बदलायचं पक्कं केलं.

डायनॅमो कमी का पडतो?

आधी हिशेब बघू. हॅलोजन हेडलाइट ११० वॅट, बाकीचे दिवे ३०, वायपर ४०, इग्निशन ४० आणि मोबाइल चार्जर २०, म्हणजे एकूण २४० वॅट. वॅटला १२ व्होल्टने भागलं की २० अँपिअर येतात. त्या काळातले डायनॅमो साधारण २० ते २५ अँपिअर देतात, तेही इंजिन चांगलं फिरत असेल तरच. ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात इंजिन हळू फिरतं, तेव्हा सगळा भार बॅटरीवर येतो.

अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर वेटोळ्यात तयार होते आणि डायोड तिचं एसीचं डीसी करतात. तो डायनॅमोपेक्षा जास्त वेगाने फिरू शकतो, म्हणून लहान पुली लावता येते आणि इंजिन हळू असतानाही चार्जिंग मिळतं. आम्ही ४५ अँपिअरचा, आतच रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर घेतला.

बसवताना काय करायचं?

१. अर्थिंग तपासा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं. तसंच ठेवून साधा अल्टरनेटर जोडला तर डायोड लगेच जळतात.

२. काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थिंगची वायर काढा.

३. ब्रॅकेट असं बसवा की दोन्ही पुली एका रेषेत येतील. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १ सेंटिमीटर दबला पाहिजे.

४. जुना कटआउट, म्हणजे रेग्युलेटरचा डबा, सर्किटमधून बाहेर काढा. शोभेसाठी जागेवर ठेवला तरी चालेल.

५. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर टाका आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज लावा.

६. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अल्टरनेटरच्या छोट्या टर्मिनलला जोडा. या दिव्यातून जाणाऱ्या करंटनेच बऱ्याच अल्टरनेटरचं चार्जिंग सुरू होतं. बल्ब उडाला तर चार्जिंगच होणार नाही!

आणि हो, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. व्होल्टेज एकदम उसळून डायोड जाऊ शकतात.

आमची चूक: अँमीटर

आजोबांनी पूर्वी डॅशबोर्डखाली ३० अँपिअरचा अँमीटर बसवून घेतला होता. अँमीटरमधून सगळा चार्जिंग करंट जातो. आमच्या इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर नवा लावला, पण वायर आणि अँमीटर जुनेच ठेवले. बॅटरी बरीच उतरलेली होती, तिने भरपूर करंट ओढला. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखालून जळका वास आला. बघतो तर वायरचं प्लास्टिक वितळलेलं! आणखी थोडा वेळ गेला असता तर गाडीने पेटच घेतला असता.

अँमीटर काढून तिथे व्होल्टमीटर लावला. त्याला बारीक वायर आणि छोटा फ्यूज पुरतो. त्याचं रीडिंग असं वाचा:

- इंजिन बंद, गाडी काही तास उभी: १२.६ म्हणजे बॅटरी फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.
- इंजिन चालू: १३.८ ते १४.४ म्हणजे सगळं ठीक.
- इंजिन चालू असून १३ च्या खाली: चार्जिंग कमी पडतंय.
- १५ च्या वर: रेग्युलेटर खराब, गाडी थांबवा.

टेंपरेचर मीटर लावताय?

मीटर आणि त्याचा सेन्सर जोडीनेच घ्या. जोडी जुळली नाही तर काटा खोटं सांगतो. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप भरमसाठ गुंडाळू नका.

शेवटी एवढंच

अल्टरनेटर बदलला की वायर, फ्यूज आणि मीटरही त्याच्या ताकदीचे लागतात. जुना डायनॅमो आम्ही जपून ठेवलाय, कारण उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल. आजोबांना आधी अँमीटर काढलेला आवडला नव्हता. आता मात्र सेल्फ मारला की ते आधी व्होल्टमीटरकडे बघतात आणि म्हणतात, "चौदा आहे रे, चल!"