मायमॉनिडीज शाळा : सहशिक्षणाचा वाद

अमेरिकेतील बोस्टन येथे रब्बी जोसेफ सोलोवेचिक व त्यांच्या पत्नी टोनया यांनी १९३७ मध्ये ही खासगी ज्यू धार्मिक शाळा स्थापन केली. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीज यांचे नाव तिला देण्यात आले. सध्या बोस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे असलेली ही शाळा बारावीपर्यंत धार्मिक व लौकिक असे दोन्ही शिक्षण देते.

ज्यू धर्मशास्त्रीय चर्चेचा मूलाधार असलेला ‘तालमूद’ परंपरेने मुलांनाच शिकवला जाई. येथे मात्र मुलीही मुलांसमवेत एकाच वर्गात तो शिकू लागल्या. त्यावरून सनातनी ज्यू समाजात दोन मते आहेत. सहशिक्षण हे संस्थापकांचे तत्त्वच होते, असे समर्थक मानतात. मर्यादित ज्यू वस्तीच्या शहरात दोन स्वतंत्र शाळा चालवणे अवघड होते, म्हणून केलेली ती तडजोड होती, असे इतरांचे म्हणणे आहे.

सोलोवेचिक यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न महिला महाविद्यालयात तालमूदच्या अध्यापनाचा प्रारंभ स्वतः व्याख्यान देऊन केला. त्यामुळे मुलींच्या तालमूद-अध्ययनाला त्यांची मान्यता होती, हे स्पष्ट झाले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. वाद उरला तो एकाच वर्गात बसण्यापुरता.