सरहद्दीचा बट्टा

थोडक्या पैशांत परदेश पाहायचा, तर कोणता देश निवडावा, हा प्रश्न आता मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही विचारला जातो. उत्तरे ठरलेली असतात : नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम, थायलंड. या उत्तरांमागे एक गृहीत दडलेले असते. स्वस्ताई हा जणू त्या त्या देशाचा अंगभूत गुण आहे, तिथल्या डोंगरांसारखा किंवा हवेसारखा. परभणी जिल्ह्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला, तर हे गृहीत आम्हांला पटत नाही. देश स्वस्त की महाग, हे जाणाऱ्याच्या खिशात कोणते नाणे आहे आणि तो कोणत्या वेशीतून बाहेर पडतो, यावर ठरत आले आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणीकराला परदेश गाठण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. जिल्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निझामाच्या मीटरगेज गाडीने मनमाडला उतरले की ब्रिटिश मुलूख लागे. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे तेही ब्रिटिश अमलाखाली. जनाबाईंचे गंगाखेड एका राज्यात आणि त्यांचा विठ्ठल दुसऱ्या राज्यात, अशी ही विभागणी होती. वारकऱ्याने तिला कधी परदेशगमन म्हटले नसेल. पण हिशेबाच्या दृष्टीने ते परदेशगमनच होते, कारण संस्थानाचे चलन निराळे होते.

हे चलन म्हणजे हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला आपल्याकडे ‘कलदार’ म्हणत. दोन्ही रुपयेच, परंतु शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै मोजावे लागत. सहा कलदारांना सात हाली, असा हा सोपा हिशेब. यावर सराफाचा बट्टा वेगळा. ज्याची मजुरी किंवा कापसाचे पैसे हालीत येत, त्याला सरहद्दीपलीकडची प्रत्येक वस्तू, मग ती पंढरपुरातली चुरमुऱ्यांची पुडी असो की पुण्यातल्या खाणावळीचा महिना असो, आपल्या नाण्याच्या हिशेबात एक षष्ठांशाने अधिक पडे. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. तेव्हा मराठवाड्यातला जो मुलगा पुण्याची वाट धरी, त्याच्या बापाला फीबरोबर हा फरकही भरावा लागे. उलट कलदार घेऊन परभणीत उतरणाऱ्याच्या हाती तेच पैसे वाढलेले असत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि मालावर जकात पडे, हेही लक्षात घ्यावे. मराठवाड्याच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा पुष्कळ होते. तिच्यात भाषेचा उल्लेख असतो, राजवटीचा असतो. या सहा-सातच्या हिशेबाचा मात्र आमच्या पाहण्यात फारसा येत नाही.

१९५० च्या दशकात हाली सिक्का व्यवहारातून गेला आणि १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आता परदेश खऱ्या अर्थाने दूर गेला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला आणि जगातले बहुतेक देश, स्वतः काहीही न बदलता, भारतीयांना महाग झाले. त्यावर परकीय चलनाचे कडक नियंत्रण. त्या काळातली मराठी प्रवासवर्णने या उजेडात पुन्हा वाचावीत असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) प्रशिक्षणासाठी झालेल्या विलायतेच्या प्रवासातून आले. पदरमोड करून निघालेला सामान्य प्रवासी त्या पिढीच्या प्रवासवर्णनांत विरळा दिसतो, याचे कारण रसिकतेत नसून हुंडणावळीत आहे. त्याआधीची पंडिता रमाबाई मात्र आठवतात : १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा त्यांना आधार होता. आजच्या मराठी लेखकाने असा बेत करून पाहावा!

आजच्या याद्यांकडे याच नजरेने पाहिले तर काय दिसते? नेपाळचा रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे : शंभराचे एकशे साठ. पारपत्र लागत नाही. लुंबिनीला जाणारे बौद्ध उपासक आणि पशुपतिनाथाला जाणारे भाविक यांना या दोन व्यवस्थांचा आधार आहे. भूतानचे चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचे. पण २०२२ पासून भारतीयांना दर रात्री १२०० रुपये शुल्क पडते, आणि देश तोच असून त्याची यादीतली जागा डळमळली. व्हिएतनाममध्ये हजार रुपयांचे काही लाख डोंग हाती येतात. त्या शून्यांनी हुरळून जाऊ नये. एका जेवणालाही हजारोंनी डोंग जातात. शिवाय या याद्या मुंबई-पुण्याच्या माणसाने मुंबई-पुण्याच्या माणसासाठी केलेल्या असतात. परभणीकराला विमानतळापर्यंतची रात्रभराची गाडी, जाताना आणि येताना, जमेस धरावी लागते. त्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे. जुन्या राजधानीची वाट आजही कमी लांबीची आहे.

या सगळ्यात परभणीतून परदेशी जाणारा सर्वांत जुना काटकसरी प्रवासी कोण, असे विचारले तर आम्ही हाजींचे नाव घेऊ. देश निवडण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. प्रश्न होता तो खर्च निभावण्याचा. मुंबईहून जेद्दाहला जहाजे जात, ती १९९५ साली थांबली. विमानप्रवासावरचे सरकारी अनुदान २०१८ साली बंद झाले. मक्केतले वास्तव्य ही तर मोठीच खर्चाची बाब. तिथे एक जुनी सोय उपयोगी पडत आली आहे. एकोणिसाव्या शतकात हैदराबादच्या निझामांनी आपल्या प्रजेतल्या यात्रेकरूंसाठी मक्केत धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांना रुबात म्हणतात. हरमच्या विस्तारात जुन्या इमारती पडल्या, तरी ही सोय पुढे चालू राहिली. तेथे राहणे विनामूल्य असते. जागा थोड्या आणि इच्छुक फार, म्हणून निवड सोडतीने होते. तिचा लाभ मिळतो तो पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील जिल्ह्यांच्या यात्रेकरूंना, म्हणजे तेलंगणाबरोबर कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांना आणि मराठवाड्याला.

संस्थान १९४८ साली संपले, त्याचे नाणे गेले, करोडगिरीचे नाके गेले. तरीही मक्केत परभणीच्या हाजीला मिळणारी ही सवलत शेजारच्या बुलढाण्याच्या हाजीला मिळत नाही, कारण बुलढाणा तेव्हा इंग्रजांकडे होता.