किल्ली न फिरवणारा माणूस

परवा रात्री झोप येईना म्हणून ‘वॉरगेम्स’ पुन्हा पाहिला. जॉन बॅडमचा १९८३चा चित्रपट. पहिल्यांदा पाहिला होता कॉलेजात असताना, भाड्याच्या व्हीसीआरवर, चार मित्रांत. तेव्हा लक्षात राहिला तो मॅथ्यू ब्रॉडरिक. घरच्या फोनला मोडेम जोडून हा पोरगा नवा गेम शोधत असतो आणि थेट अमेरिकन लष्कराच्या संगणकात शिरतो. पडद्यावरची खोटी क्षेपणास्त्रं लष्कराला खरी वाटू लागतात. शेवटी फुल्ली-गोळा खेळता खेळता संगणकालाच शहाणपण सुचतं. आम्ही टाळ्या पिटल्या होत्या!

यावेळी मात्र पहिल्याच प्रसंगात अडकलो. जमिनीखालच्या तळावर दोन अधिकारी. क्षेपणास्त्र सोडण्याचा हुकूम येतो. दोघांनी एकदम किल्ली फिरवायची. एकजण थांबतो. फोनवर कुणा माणसाशी बोलल्याशिवाय तो हात हलवत नाही. दुसरा त्याच्यावर पिस्तूल रोखतो... नंतर कळतं, ती नुसती चाचणी होती आणि तीत २२ टक्के अधिकारी नापास झाले. मग काय, माणसं काढा, संगणक बसवा!

आता संगणकावर किती भरवसा ठेवावा, ते तेव्हाही माहीत होतं. ९ नोव्हेंबर १९७९ला सरावाची माहिती खऱ्या यंत्रणेत शिरली आणि अमेरिकेच्या नोरॅड केंद्राला सोव्हिएत हल्ला झाल्यासारखं दिसलं. जून १९८०मध्ये अवघ्या ४६ सेंटच्या चिपने तोच घोळ घातला. दोन्ही वेळा माणसांनी पडताळून पाहिलं म्हणून निभावलं.

आणि चित्रपट येऊन चार महिनेही झाले नव्हते. २६ सप्टेंबर १९८३ची रात्र. मॉस्कोजवळ सेर्पुखोव्ह-१५ इथे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होता. यंत्रणा म्हणाली, अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघालं. मग आणखी चार. पेत्रोव्हच्या हाती किल्ली नव्हती, वर कळवायचं एवढंच काम. त्याने विचार केला, खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण करेल? त्याने वर कळवलं, यंत्रणेत बिघाड आहे. खरंच तसं निघालं. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने उपग्रह फसला होता. कौतुक राहिलं बाजूलाच, नोंदवही भरली नाही म्हणून त्याने बोलणी खाल्ली. जगाला हे कळायला १९९०चं दशक उजाडलं. तो २०१७मध्ये वारला.

नोव्हेंबर २०२४मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केलं, की अण्वस्त्रांचा निर्णय माणसाच्याच हाती असावा. म्हणजे एवढी साधी गोष्टसुद्धा ठरवून मान्य करावी लागली!

असो. कॉलेजातल्या त्या रात्री, तो अधिकारी थांबला तेव्हा कुणीतरी मोठ्याने ‘शेळपट’ म्हणालं होतं आणि सगळे हसले होते.

म्हणणारा मी होतो.