तंबोऱ्याचं कूळ, मूगचा सूर

पहाटे आमच्या नानाखेड्याच्या बसस्टँडवर हॉर्न वाजू लागण्याआधी मी तंबोरा लावायला बसते. घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार उमटतो. तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा हा स्वयंभू गंधार. तो ऐकण्याची सवय लागलेल्या कानांना भारतातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची गोडी लागली, आणि त्याचं कूळ शोधत गेले तर वाट पुन्हा आपल्याच संगीताच्या दारात आली.

ही कथा १९४६ पासून सांगायला हवी. अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायला न्यूयॉर्कला गेल्या. तिथे संगीतकार जॉन केज यांनी त्यांना काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण, शिकवली आणि त्यांनी केजना भारतीय संगीत. संगीत कशासाठी, या केजच्या प्रश्नाला गीताबेननी आपल्या गुरूंचं उत्तर दिलं: मन निवांत व्हावं म्हणून. केजनी ते जन्मभर जपलं. १९५२ मध्ये त्यांच्या ‘४′३३″’ या रचनेच्या पहिल्या प्रयोगात पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसले आणि त्यांनी एकही स्वर वाजवला नाही. ऐकायचं होतं ते भोवतालचं.

हेच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तिथे मूग सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्राचा स्टुडिओ उभा राहिला. न्यूयॉर्कला गेलेली विद्या अशी नव्या रूपात माहेरी परतली.

मूगची रीत तंबोऱ्यापेक्षा वेगळी. तंबोऱ्यात जवारी लावून आपण तारेतले वरचे स्वर फुलवतो. मूगमध्ये करवतीच्या दातांसारखी लाट घेतली, तर तिच्यात वरचे स्वर आधीच ठासून भरलेले असतात. फिल्टरने ते हवे तेवढे गाळायचे. एकीकडे फुलवणं, दुसरीकडे गाळणं. पण कान लागतो तो एकाच जातीचा. म्हणूनच या स्टुडिओत रचना करणाऱ्या गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांना हे यंत्र परकं वाटलं नसावं. माथुरांच्या एका रचनेचं नावच आहे ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’.

१९७२ नंतर हे काम थांबलं. त्याच्या संस्थेच्या संग्रहात राहिलेल्या टेप पुढे पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताच्या हाती लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या.

त्या जरूर ऐका, पण काम करता करता नको. दिवा मालवा, हेडफोन लावा, चाल शोधू नका. तंबोऱ्याच्या तारेवर थांबतो तसं एकाच नादावर थांबा आणि त्याच्या पोटात काय काय हलतंय ते ऐका. मन निवांत झालं, तर गीताबेनच्या गुरूंचं म्हणणं या यंत्रालाही लागू आहे असं समजा.