लहानपणी कॅन्सर बरा झाला, मग दुसरा का होतो? आणि फोनमध्ये काय जपून ठेवायचं?

‘कॅन्सर परत आला’ आणि ‘दुसरा कॅन्सर झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत येतो तो जुनाच. दुसरा म्हणजे संपूर्ण नवा आजार, आणि तो कधीकधी जुन्या उपचारांमुळेच होतो. मी दहा वर्षांची असताना मला हॉजकिन लिम्फोमा झाला होता, छातीवर रेडिएशन घेतलंय. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरचाच.

रेडिएशन कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तोडतं, पण वाटेतल्या चांगल्या पेशींनाही फटका बसतो. बहुतेक पेशी दुरुस्त होतात किंवा मरतात. एखादी मात्र चुकीची दुरुस्ती घेऊन जगते, आणि तिचा कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षंही लागतात. म्हणून छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या, तर मानेवर घेतलेल्यांना थायरॉइडच्या कॅन्सरचा धोका जास्त. औषधांचं गणित वेगळं. एटोपोसाइडमुळे होणारा ल्युकेमिया साधारण एक ते तीन वर्षांतच दिसतो. (आणि हो, मोबाईलच्या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते. प्रत्येक लग्नात मला हे कोणीतरी विचारतंच!)

लगेच घाबरू नका. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत १९७० च्या दशकात उपचार झालेल्या मुलांपैकी २.१ टक्के जणांना १५ वर्षांत दुसरा कॅन्सर झाला, १९९० च्या दशकातल्यांपैकी १.३ टक्के. रेडिएशनचा वापर आणि डोस कमी झाला, हे त्यामागचं एक कारण.

आता कामाचं. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या सूचनांनुसार छातीवर १० ग्रे किंवा जास्त रेडिएशन घेतलेल्या मुलींनी वयाची २५ वर्षं किंवा रेडिएशननंतरची ८ वर्षं, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करायची. डॉक्टरांनी मला विचारलं, “किती ग्रे घेतलं होतं?” फाइल पावसात गेली. उरलाय तो बाबांनी काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, आणि त्यात नेमका तोच आकडा धूसर.

म्हणून औषधांची नावं आणि एकूण डोस, रेडिएशनची जागा, ग्रे आणि तारखा असलेला कागद पीडीएफमध्ये स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘फोटो’ नाही, ‘डॉक्युमेंट’ निवडा. एक प्रत ड्राइव्हवर, एक घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तर बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. तिथे उपचार झाले असतील तर फेरी चुकवू नका.

मी माझ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज दिलाय. मार्चमध्ये मला पंचवीस पूर्ण होतील, उत्तर अजून यायचंय.