मल्टिपल स्क्लेरोसिस आणि आहार : विचाराचा इतिहास

मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिका तंतूंवर मायेलीन नावाचे मेदयुक्त आवरण असते. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने या आवरणावरच हल्ला केल्याने ते ठिकठिकाणी नष्ट होऊन तेथे कठीण चट्टे पडतात. या विकारास मल्टिपल स्क्लेरोसिस (अनेकस्थानी काठिण्य) म्हणतात. दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या व दुर्बलता येणे, तोल जाणे आणि विलक्षण थकवा ही लक्षणे बहुधा २० ते ४० या वयात प्रथम दिसतात. स्त्रियांत या विकाराचे प्रमाण अधिक आहे. फ्रेंच वैद्य झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी १८६८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले. कारण न उमगलेल्या दीर्घकालीन रोगात रुग्णाचे लक्ष पथ्यापथ्याकडे वळणे स्वाभाविक आहे. मात्र या विकाराबाबत आहाराचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या मध्यासच सुरू झाला.

या विचाराचा उगम भौगोलिक निरीक्षणात आहे. नॉर्वेमध्ये समुद्रकिनाऱ्यावरील मासेमारी करणाऱ्या वस्त्यांपेक्षा दूधदुभते व मांस यांवर भर असलेल्या अंतर्भागात हा विकार अधिक आढळतो, असे रॉय स्वँक (१९०९–२००८) व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये दाखविले. तत्पूर्वी १९४८ पासूनच स्वँक यांनी माँट्रिऑल येथे रुग्णांना अल्पमेद आहार देण्यास आरंभ केला होता. अशा १४४ रुग्णांचा ३४ वर्षांचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २० ग्रॅम किंवा त्याहून कमी संतृप्त मेद घेणाऱ्यांची प्रकृती अधिक चांगली राहिली व त्यांच्यातील मृत्यूही कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही मर्यादा किती कडक आहे, हे कोल्हापूरच्या आहारावरून ध्यानात येईल. तालमीच्या खुराकातील म्हशीचे साय न काढलेले दूध अर्धा लिटर घेतले, तरी सु. २० ग्रॅम संतृप्त मेद पोटात जातो. पांढऱ्या रश्श्यातील नारळाच्या दुधातही तो भरपूर असतो. परंतु स्वँक यांच्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट नव्हता. ज्यांचा आजार बळावला त्यांनीच पथ्य सोडले असण्याचीही शक्यता उरते. त्यामुळे पथ्याने प्रकृती सुधारली की प्रकृती बरी म्हणून पथ्य टिकले, हा प्रश्न अनिर्णित राहिला.

समूहांच्या तुलनेतील अशीच अडचण महाराष्ट्रातही दिसून आली. भारतात हा विकार विरळ समजला जात असता, १९८८ व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत पारशी समाजात त्याचे प्रमाण लाखास वीसहून अधिक आढळले. मुंबईचे तंत्रिकावैद्य नोशीर वाडिया यांचा या कार्यात प्रमुख वाटा होता. इतर भारतीयांविषयीचे तत्कालीन अंदाज याच्या कितीतरी खाली होते. हवा तीच, शहर तेच आणि बाजारही तोच असता हा फरक का पडावा? पारशी समाजाचा वंशवारसा निराळा आहे, विवाह बहुतांशी समाजातच होत आले आहेत आणि त्यांची खाद्यपद्धतीही वेगळी आहे. यांतील कोणत्या घटकास किती श्रेय द्यावे, हे केवळ तुलनेने ठरत नाही. त्यासाठी नियंत्रित चाचण्याच हव्यात.

अशी एक चाचणी ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. लिनोलेइक अम्ल विपुल असलेले सूर्यफुलाचे तेल घेणाऱ्या रुग्णांत आजाराचे झटके सौम्य व अल्पकालिक होते. मात्र एकंदर ऱ्हास मंदावल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. हेच अम्ल महाराष्ट्रातील करडईच्या तेलातही विपुल असते. माशांच्या तेलातील ओमेगा–३ वसाम्लांचा उपयोग होत नसल्याचे २०१२ मध्ये खुद्द नॉर्वेतीलच चाचणीत दिसले. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्पमेद वनस्पतिजन्य आहाराने थकवा कमी झाला. परंतु मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांत फरक पडला नाही.

ड जीवनसत्त्वाचा संबंध १९७४ मध्ये सुचविण्यात आला. कोल्हापूर सु. १६° ४२' उत्तर अक्षांशावर असून तेथे ऊन मुबलक आहे. तरी भारतीय शहरांत या जीवनसत्त्वाची न्यूनता सर्रास आढळते. औषधांच्या जोडीला ते देऊन केलेल्या बहुतेक चाचण्यांत स्पष्ट लाभ दिसला नव्हता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत मात्र विकाराच्या प्रारंभी दिलेल्या मोठ्या मात्रेने त्याची क्रियाशीलता काहीशी घटली. अशा मात्रा वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या असतात, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो.

महाराष्ट्रातील शाकाहारी वाचकाच्या दृष्टीने याहून निकडीची बाब ब१२ जीवनसत्त्वाची आहे. याच्या न्यूनतेनेही मायेलीन नष्ट होते. मुंग्या येणे, चाल अडखळणे आणि दृष्टी मंदावणे ही लक्षणे मल्टिपल स्क्लेरोसिसशी मिळतीजुळती असल्याने निदानात गफलत होऊ शकते. हे जीवनसत्त्व नैसर्गिक स्वरूपात प्रामुख्याने दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. म्हणून मेदाच्या भीतीने दूधही वर्ज्य करणाऱ्या शाकाहारी रुग्णास ते औषधरूपाने घ्यावे लागते. येथे आहाराचा परिणाम निर्विवाद असून वेळीच उपचार झाल्यास हानी बऱ्याच अंशी भरून येते. विलंब झाल्यास ती कायमची ठरते.

उपलब्ध चाचण्यांचा साकल्याने विचार करणाऱ्या २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात कोणताही विशिष्ट आहार या विकाराची गती बदलतो, असे म्हणण्यास पुरावा अपुरा ठरला. विकाराच्या मुळाशी एपस्टाइन–बार विषाणूचा संसर्ग असल्याचा सबळ पुरावा २०२२ मध्ये पुढे आला. पौगंडावस्थेतील स्थूलता व धूम्रपान यांनीही धोका वाढतो. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनास मान्यता मिळाल्यापासून झटके कमी करणारी अनेक औषधे उपलब्ध झाली आहेत. ती सोडून पथ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तथापि आहार गौण ठरत नाही. भाकरी, पालेभाज्या, उसळी, फळे व पुरेसे पाणी यांनी या रुग्णांत नेहमी आढळणारा मलावरोध कमी होतो, वजन आटोक्यात राहते आणि दुर्बल पायांवरील भार हलका होतो. रोग बरा करणे नव्हे, तर रोगासह जगणे सुसह्य करणे, हे आहाराचे आज सिद्ध असलेले कार्य होय.