जिथे क्रांती झाली नाही, तिथेही पाहू

दोन देशांची माहिती शेजारी मांडली की तुलना झाली, असं आपण समजतो. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड यांच्या राज्यघटना ओळीनं शिकवल्या. ते वर्णन होतं. तुलनेला आधी प्रश्न लागतो.

क्रांती कशामुळे होते? असंतोषामुळे, असं उत्तर लगेच येतं. पण रशियात १९०५ मध्येही असंतोष होता, संप होते, शेतकऱ्यांचे उठाव होते. तरी झारशाही टिकली. १९१७ मध्ये ती कोसळली. फरक कुठे? १९०५ मध्ये जपानशी चाललेलं युद्ध संपलं आणि बहुतेक सैन्य झारकडे राहिलं. १९१७ मध्ये महायुद्ध चालूच होतं आणि पेत्रोग्राडचे सैनिक संपकऱ्यांना मिळाले.

घटना घडली आणि घडली नाही, अशी दोन सारखी उदाहरणं घेऊन फरक शोधायचा, ही जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेली व्यतिरेक पद्धती. थीडा स्कॉचपोल यांनी १९७९ च्या ग्रंथात फ्रान्स, रशिया, चीन यांच्यासोबत प्रशिया आणि जपानही घेतले, ते याचसाठी.

अर्थात, समाजात एकच गोष्ट बदलते आणि बाकी सारं तसंच राहतं असं होत नाही, हा इशारा खुद्द मिल यांचाच. बारा वर्षांत रशियाही बदललाच होता. म्हणून निष्कर्ष जपून काढावा. पण न घडलेल्याकडे पाहिल्याशिवाय घडलेल्याचं कारण आपण सांगू नये.